लिंबावर बल्ब लागला नाही, आता आठवीला करंट कसा शिकवू?

पत्र:

नमस्कार सर. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आठवीला विज्ञान शिकवते. ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ आणि ‘अणूचे अंतरंग’ हे दोन धडे दरवर्षी अंगावर येतात. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण करंट म्हणजे नक्की काय विचारलं की माना खाली. यंदा ठरवून प्रयोग केला, लिंबात खिळा आणि तांब्याची तार खोचली, टॉर्चचा बल्ब लावला, काही म्हणजे काही झालं नाही आणि सगळा वर्ग हसला. वर एका मुलाने विचारलं, बाई, वायरमधे इलेक्ट्रॉन असतातच तर सेल लागतो कशाला? मी म्हटलं उद्या सांगते. तो उद्या अजून आलेला नाही. थर्माकोलच्या गोळ्यांचा अणू करून भिंतीवर लावलाय, पण त्याचा करंटशी काय संबंध ते मलाच सांगता येत नाही. आधी अणू घेऊ की आधी करंट? आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे, कमी पैशात मुलांच्या हातात काय देऊ?
– एक शिक्षिका

उत्तर:

ताई, पहिलं ते लिंबाचं मिटवून टाकू, कारण त्यात तुमचा काडीचा दोष नाही. टॉर्चचा बल्ब पेटायला साधारण २००-३०० मिलिअँपिअर करंट लागतो आणि एक लिंबू कसंबसं एक मिलिअँपिअर, बऱ्याचदा त्याहूनही कमी देतं. म्हणजे तुम्हाला शेकडो लिंबं लागली असती, तेवढ्यात अख्ख्या शाळेचं सरबत झालं असतं. बल्ब काढा आणि लाल एलईडी घ्या, लालच, पांढरा नको. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. एका लिंबाला जीआय तारेचा तुकडा (कुंपणाची असते ती, तिच्यावर जस्ताचा थर असतो) आणि तांब्याची सोललेली तार खोचली की साधारण ०.९ व्होल्ट मिळतात, म्हणून चार लिंबं एकामागे एक जोडायची, पहिल्याचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला असं करत. खिडक्या बंद करा, एलईडी मंद लागेल पण लागेल. न लागल्यास एलईडीचे पाय उलटे करून बघा, लांब पाय प्लसकडे. आणि ती लिंबं नंतर फेकून द्या, जस्त त्यात उतरलेलं असतं, मुलं चोखायला कमी करत नाहीत.

पण खरं सांगू का, लिंबाने सुरुवात करूच नका. दिसायला छान, पण ते मागाहून घ्यायचं प्रकरण आहे. पहिल्याच दिवशी आम्ल, जस्त, व्होल्ट, करंट सगळं एकदम अंगावर येतं आणि मुलांच्या डोक्यात एवढंच राहतं की लिंबात लाइट असते.

आधी अणू की आधी करंट? माझं उत्तर सरळ आहे, आधी करंट. पुस्तकातही तोच क्रम आहे, चौथा धडा धाराविद्युत, पाचवा अणू, पण आपल्याला वाटतं की पाया आधी घातला पाहिजे, म्हणून आपण उलटं जातो, गोळे टांगतो, प्रोटॉन न्यूट्रॉन लिहून देतो. मुलांनी अणूबद्दल काही विचारलेलंच नसतं हो. त्यांना न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण भिंतीवर लावून मोकळे होतो. तुमचं थर्माकोलचं मॉडेल वाईट नाही, राहू द्या तिथेच, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही. आधी मुलांना असं काहीतरी करायला द्या की त्यांनीच विचारलं पाहिजे, बाई, हे चालतं आणि ते का नाही चालत? ते विचारलं की मग अणू काढायचा.

तर पहिल्या तासिकेला प्रत्येक गटाला एक पेन्सिल सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि एकच वायर द्या. एकच. होल्डर नाही, टेप नाही. सांगा, बल्ब लावून दाखवा. बघा गंमत, निम्मी मुलं बल्बचं बूड सेलच्या टोकावर धरून वायर कुठेतरी लटकत ठेवतील, कारण त्यांच्या मते सेलमधून लाइट बल्बमधे जाते आणि काम झालं. परत यायचं असतं हे डोक्यातच नसतं. तुम्ही काही बोलू नका, हात मागे बांधून फिरा. थोड्या वेळात एका गटाचा लागतो आणि मग सगळीकडे पसरतं. बल्बला दोन जागी टेकवावं लागतं, एक खालचं टोक आणि एक बाजूची पेच असलेली कडा, हे त्यांना हाताने कळतं आणि ‘बंद परिपथ’ हा शब्द तुम्ही त्यानंतर फळ्यावर लिहायचा. टॉर्चचे असे बल्ब हल्ली पटकन मिळत नाहीत, सगळ्या टॉर्च एलईडीच्या झाल्यात, तालुक्याला सायन्सचं सामान विकणाऱ्याकडे मिळतील.

दुसरा प्रयोग दोन बल्बचा, एकापुढे एक जोडलेले. जोडण्याआधी विचारा, कुठला जास्त उजेड देईल? आणि उत्तर वहीत लिहून घ्या, पेनने, खोडायचं नाही. हा पेनने लिहिण्याचा मुद्दा मी सगळ्या शिक्षकांना सांगतो, लिहिलेलं नसेल तर नंतर प्रत्येक जण म्हणतो मला माहीतच होतं. बहुतेक मुलं म्हणतील पहिला बल्ब जास्त, कारण तो करंट खातो आणि उरलेला पुढे जातो. ही समजूत जगभरातल्या मुलांत सापडते, मोठ्यांतही. मग जोडा, दोन्ही सारखेच लागतात. इथे एक खाच आहे, दोन बल्ब एकाच पाकिटातले घ्या, तरीही एखादा मंद निघाला तर मुलं लगेच ओरडतात बघा म्हटलं होतं ना. तेव्हा गडबडून जायचं नाही, दोन्ही बल्बच्या जागा बदलायच्या. मंद असलेला बल्बच मंद राहतो, जागेचा संबंध नाही, हे त्यांच्या डोळ्यासमोर सिद्ध होतं आणि प्रयोग फसण्याऐवजी उलट आणखी पक्का होतो.

आता तुमच्या त्या पोराचा प्रश्न. त्याला माझ्याकडून शाबासकी द्या, फार चांगला प्रश्न आहे. वायरमधे इलेक्ट्रॉन असतातच तर सेल कशाला. उत्तर देण्याआधी सगळ्यांना मैदानात न्या आणि एक लांब सुती दोरी घ्या, बैलाचा कासरा असला तरी चालेल, नायलॉनची नको हात सोलतात. दोन्ही टोकं बांधून मोठा वेढा करा, दहा-बारा मुलं गोल उभी करा, प्रत्येकाने मुठीतून दोरी सैल धरायची. तुम्ही सेल. तुम्ही दोरी एका हाताने ओढायची आणि दुसऱ्या हाताने सोडायची, दोरी गोल फिरायला लागते. आता समोरच्या एका मुलाला सांगा, जरा घट्ट धर. तो बल्ब. त्याचा तळहात गरम होतो, तो स्वतःच ओरडून सांगतो. आता विचारत सुटा. दोरी आधीपासून सगळ्यांच्या हातात होती का? होती. मग मी काय केलं? फक्त ओढलं. घट्ट धरणाऱ्याच्या आधी जेवढी दोरी जाते त्याच्यानंतर तेवढीच जाते का? तेवढीच. मी ओढायला लागल्यावर पलीकडच्या मुलाच्या हातातली दोरी किती वेळाने हलली? लगेच. झालं की, सेल इलेक्ट्रॉन पुरवत नाही, असलेल्यांना ढकलतो. सेलच्या एका टोकातून जितके बाहेर पडतात तितकेच दुसऱ्या टोकातून आत येतात. सेल संपतो तेव्हा इलेक्ट्रॉन संपत नाहीत, आतली रसायनं संपतात, साध्या सेलचं तर जस्ताचं डबडंच झिजत जातं, म्हणून जुना सेल रिमोटमधे ओघळतो.

दोरी कुठे लंगडी पडते तेही सांगून टाका, इलेक्ट्रॉन एकमेकांना बांधलेले नसतात, आणि सेल नसतानाही ते गप्प बसलेले नसतात, सैरावैरा पळत असतात पण सगळ्या दिशांना, त्यामुळे एकूण कुठे जाणं होत नाही. सेल जोडला की त्या धावपळीत एका बाजूला थोडासा कल येतो, तोच करंट. हा कल किती हळू असतो ते ऐकून मुलं चाट पडतात, एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर करंट असेल तर इलेक्ट्रॉन तासाला साधारण २५ सेंटिमीटर सरकतात. बटण दाबल्यावर लाइट लगेच का लागते याचं उत्तर दोरीने आधीच दिलेलं असतं.

मग येतो टेस्टर, म्हणजे कुठल्या वस्तूतून करंट जातो ते तपासायचं घरगुती साधन, सगळ्या प्रकरणाचा जीव यात आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिची क्लिप, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरून धरणारा छोटा भाग), दोन वायरी आणि टोकाला दोन खिळे. सगळं एकामागे एक जोडायचं आणि तपासायची वस्तू दोन खिळ्यांच्या मधे धरायची. एलईडी आणि रेझिस्टर दोन-पाच रुपयांची वस्तू आहे, खर्च काय तो बॅटरीचा. रेझिस्टर गाळायचा नाही, गाळला की एलईडी एकदा लख्खकन पेटून कायमचा जातो. बल्बऐवजी एलईडी का, तर जे लिंबाचं कारण तेच, एलईडी एक मिलिअँपिअरच्या आतसुद्धा दिसतो. बल्ब लावून मिठाचं पाणी तपासलं तर बल्ब लागणार नाही आणि मुलं लिहितील ‘वाहक नाही’. चूक मुलांची नाही, टेस्टर ठोंब्या आहे.

आणि तपासायला काय द्यायचं याचा जरा विचार करा, नेहमीचं लोखंड-लाकूड-प्लास्टिक नको, त्यात मुलांना आधीच सगळं पाठ असतं. असं द्या की अंदाज चुकला पाहिजे. चिप्सच्या पाकिटाची आतली चांदी द्या, चकाकते म्हणून सगळे ‘लागणार’ लिहितात आणि बऱ्याच पाकिटांत लागत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर प्लास्टिकच्या मधे झाकलेला असतो. गंजका खिळा द्या, गंजावर टेकवला तर नाही, पॉलिश पेपरने घासला की लागतो. गावात मोटर वायंडिंगचं दुकान असेलच, तिथून तांब्याच्या वायंडिंग तारेचे तुकडे फुकट मिळतील. तांबं आहे, चकचकीत आहे, वर्गातल्या प्रत्येकाने ‘लागणार’ लिहिलेलं असतं आणि एलईडी ढिम्म. दोन मिनिटं वर्गात नुसता गोंधळ. मग एखादी मुलगी नखाने खरवडून बघते आणि तिला वरचा लाखेसारखा थर दिसतो, टोकं घासली की लागला. ज्यांच्या घरी पाण्याच्या मोटरचं वायंडिंग जळलंय त्या मुलांना हा थर जळला की काय होतं ते तुम्हाला सांगावं लागत नाही, तेच तुम्हाला सांगतात.

शेवटी पेन्सिल. दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल, एका टोकाला एक खिळा, दुसऱ्याला दुसरा. लागतो! धातू नाही तरी लागतो. कागदावर डार्क पेन्सिलने जाड पट्टा गिरवा, ६बी असेल तर उत्तम, त्यावर खिळे जवळ धरा, मग लांब सरकवा, एलईडी मंद होत जातो. रोध आणि लांबीचं नातं सूत्राशिवाय. साध्या एचबीने बारीक रेघ मारली तर काही दिसणार नाही, पट्टा चांगला काळाकुट्ट झाला पाहिजे.

इथे प्रश्न येतोच, धातू नसून पेन्सिल का चालते. आता काढा तुमचा अणू. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची १० सेंटिमीटरची पट्टी द्या आणि निम्मी कापत जायला सांगा, अर्ध्याचं अर्धं. सात-आठ वेळात कात्री हात टेकते. विचारा, एक अणू उरेपर्यंत किती वेळा कापावं लागेल? लाख, कोटी, वाट्टेल ते सांगतील. उत्तर आहे २८-२९ वेळा. फळ्यावर दोनचे गुणाकार करून दाखवा, खरं वाटत नाही पण आकडेच सांगतात. आणि ती फॉइल जाडीला साधारण ११ मायक्रॉन, म्हणजे सुमारे चाळीस हजार अणू एकावर एक.

मग त्याच अ‍ॅल्युमिनियमचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहा, म्हणजे कुठल्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन ते, २, ८, ३. तांबं घेऊ नका, त्याचं २, ८, १८, १ येतं आणि एखादं हुशार पोर विचारतं की तिसऱ्या कक्षेत आठ झाल्यावर पुढचे चौथीत जातात ना, मग तुम्ही अडकता. अ‍ॅल्युमिनियमचे बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूचे राहत नाहीत, अख्ख्या तुकड्याचे होतात, तेच सेल ढकलतो. पेन्सिलीत असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच, त्याचं २, ४. ग्रॅफाइटमधे चारातले तीन शेजाऱ्यांशी बांधलेले आणि चौथा थरभर हिंडायला मोकळा, हिऱ्यात चारही बांधलेले म्हणून हिरा वीज नेत नाही. अणू तोच, बांधणी वेगळी. म्हणजे कुठला अणू आहे एवढ्यावर भागत नाही, तो शेजाऱ्यांशी कसा जोडलाय तेही बघावं लागतं, हे आठवीच्या मुलांना कळतं हो, पेन्सिल हातात असेल तर नक्की कळतं.

पाण्याचा भाग मात्र सावकाश घ्या. कोरडं मीठ तपासा, नाही लागत. साखरेचं पाणी, नाही लागत (साखर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार आधीच असतात). मिठाचं पाणी, झक्क लागतो. मुलं म्हणणार पाण्यातून इलेक्ट्रॉन गेले. नाही गेले. सोडिअम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७, एकाने आधीच एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकलेला, पाण्यात ते प्रभारित कण, म्हणजे आयन, सुटे होऊन हिंडतात आणि करंट ते वाहून नेतात. वायरीत इलेक्ट्रॉन, पाण्यात आयन. साखरेचे रेणू विरघळतात पण प्रभार नसलेलेच राहतात. यानंतर बोअरचं पाणी आणि जारचं पाणी शेजारी शेजारी तपासायला लावा. तुमच्याकडे बोअरला क्षार भरपूर, एलईडी बऱ्यापैकी लागेल, जारच्या आरओ पाण्यात जेमतेम. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचं पेन असतं ना, ते आतून हेच करतं, वाहकता मोजतं आणि त्यावरून आकडा दाखवतं.

आणि ही गोष्ट वर्गात जरूर करा. फिल्टर विकायला काही लोक घरी येतात, दोन ग्लास ठेवतात, एकात तुमचं पाणी, एकात त्यांचं, दोन्हीत धातूच्या दांड्यांचं यंत्र बुडवून विजेला लावतात. तुमचं पाणी तपकिरी, घाण, गाळाने भरलेलं. त्यांचं स्वच्छ. बायका घाबरतात, जागेवर ऑर्डर होते. वर्गात ९ व्होल्टची बॅटरी घ्या, एलईडी आणि रेझिस्टर काढून टाका, दोन लोखंडी खिळे मिठाच्या पाण्यात एकमेकांना लागणार नाहीत असे सोडा, खिडक्या उघड्या ठेवा. थोड्या वेळात हिरवट आणि मग तपकिरी गाळ. दुसऱ्या ग्लासात जारचं पाणी, तसंच राहतं. मग विचारा घाण कुठून आली. खिळ्यातून! पाणी वाहक आहे म्हणून करंट गेला, करंट गेला म्हणून लोखंड उतरलं. क्षार असणं म्हणजे घाण असणं नव्हे. उलट ज्यातून करंट जात नाही ते पाणी जंतूमुक्त असेलच असंही नाही, जंतू टेस्टरला दिसत नाहीत.

एका बाबतीत मात्र कडक राहा. सगळं फक्त सेल आणि छोट्या बॅटरीवर, भिंतीतल्या प्लगजवळ कुणी वायर नेता कामा नये, मोबाइलची किंवा पॉवर बँकची बॅटरीही नको. टेस्टरवर नळाचं पाणी मंद लागलं, ओलं लाकूड लागलंच नाही, म्हणून ‘हे सुरक्षित’ असा निष्कर्ष मुलं काढतात. टेस्टर ९ व्होल्टचा आहे आणि घरातली लाइट २३० व्होल्टची, ९ व्होल्टला ज्यातून काही दिसत नाही तेच २३० ला माणूस मारतं. शेतात ओल्या पायाने स्टार्टरला हात लावणारी, आकडा टाकताना बापाला बघणारी मुलं आहेत ही. हे वाक्य फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाच्या वहीत आहे का तपासा.

आणखी करून बघायचं असेल तर अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचं मराठीतूनही बरंच फुकट साहित्य आहे, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं.

वेळेचं म्हणाल तर पाच-सहा तासिका जातील, आणि अभ्यासक्रम मागे पडतो ही ओरड होणारच. पण आकारिक मूल्यमापनाला प्रयोग आणि उपक्रमाच्या नोंदी तुम्हाला तशाही लागतात, त्या इथे आपोआप तयार होतात. पेनने लिहिलेला अंदाज, शेजारी काय झालं, खाली ‘का’. चुकलेल्या अंदाजाचे मार्क कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळी मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितील. केंद्रप्रमुख आले की त्याच वह्या पुढे करा, वायंडिंग तारेचं पान उघडून.